मास्तरांचा फळा

बी.एड.च्या सराव पाठाला मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शकांच्या हातात निरीक्षणाचं पत्रक असतं. प्रस्तावना, प्रश्न, स्पष्टीकरण, वर्गनियंत्रण असे रकाने उतरत उतरत ‘फलकलेखन’ येतं आणि त्यापुढे बहुतेक वेळा दोनांपैकी एक शेरा पडतो: ‘सुवाच्य व नीटनेटके’ किंवा ‘अक्षराकडे लक्ष द्यावे’. दोन्ही शेरे बरोबरच असतात. पण फळ्यावर मोठं काय असावं आणि लहान काय, कुठले दोन शब्द जवळ हवेत आणि कुठले लांब, शेवटच्या बाकावरच्या मुलीची नजर आधी कुठे जाते आणि मग कुठे वळते, याबद्दल त्यांत काहीच नसतं. कोल्हापुरात हे मला जास्त लागतं, कारण ‘पेंटर’ हा शब्द आडनावासारखा मानानं मिरवणारं दुसरं गाव माझ्या माहितीत नाही. ज्या गावाला चित्र कसं बोलतं हे इतकं कळत होतं, तिथल्या होऊ घातलेल्या शिक्षकांना ते दोन शब्दांत का उरकावं लागतं? त्यासाठी बरंच मागं जावं लागतं.

फळ्याच्या आधी धूळपाटी होती. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं अक्षर गिरवायचं, चुकलं की हात फिरवून पुन्हा सपाट करायचं. कागद महाग होता, धूळ फुकट होती. या साध्या सोयीनं जगाच्या शाळा बदलल्या, ही हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मद्रासला एग्मोर इथे सैनिकांच्या मुलांसाठी एक आश्रमशाळा होती. १७८९ साली तिची सूत्रं अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि आपल्या शाळेत तीच पद्धत आणायची ठरवली. हाताखालचे शिक्षक तयार होईनात, तेव्हा आठ वर्षांच्या एका मुलाला त्यांनी खालच्या वर्गाचा गुरू केलं. पुढे १७९७ मध्ये लंडनला त्यांनी या प्रयोगाचा अहवाल छापला. तिकडे जोसेफ लँकेस्टर यांनी अशीच पद्धत स्वतंत्रपणे उभी केली, आणि एक शिक्षक व शेकडो मुलं असा कारभार इंग्लंडभर पसरला.

लँकेस्टरच्या शाळांतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. प्रत्येक मुलाला पुस्तक देणं परवडत नव्हतं. म्हणून धडा मोठ्या टायपात छापून पुठ्ठ्यावर चिकटवायचा, भिंतीला टांगायचा आणि मुलांनी त्यासमोर अर्धवर्तुळात उभं राहून वाचायचं. आज शाळेच्या भिंतीवर जो तक्ता दिसतो, त्याचा हा पूर्वज. तक्ता जन्मला तो काटकसरीतून. पण त्याबरोबर एक नवी अडचण जन्मली, जी पुस्तकाला कधी नव्हती: लांबून दिसणं. पुस्तक हातात धरता येतं, डोळ्यांजवळ नेता येतं. तक्ता दहा मुलांसाठी एकाच वेळी, एकाच अंतरावर असतो. त्यावरचं अक्षर किती मोठं हवं, ओळीत किती शब्द मावतील, दोन ओळींत मोकळी जागा किती, हे प्रश्न तेव्हापासूनचे आहेत.

याच काळात एडिंबरोच्या हायस्कुलात जेम्स पिलान्स हे रेक्टर मोठ्या काळ्या फळ्यावर रंगीत खडूंनी नकाशे काढून भूगोल शिकवत होते. मला पिलान्स यांचं महत्त्व फळा वापरला म्हणून वाटत नाही. त्यांनी रंगाला काम दिलं म्हणून वाटतं. पाण्याचा एक रंग, डोंगराचा दुसरा. सजावटीसाठी रंग आणि सांगण्यासाठी रंग हा भेद तिथे दिसतो, आणि आपल्या सराव पाठांत तो आजही रोज हरवतो.

१८२० च्या दशकात मुंबईत बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीनं मराठी शाळा, मराठी पाठ्यपुस्तकं आणि त्यांसाठी लँकेस्टरच्या पद्धतीत तयार केलेले मास्तर असा खटाटोप मांडला. म्हणजे मद्रासच्या वाळूतून निघालेली पद्धत विलायतेला वळसा घालून परत आली. मात्र येताना तिच्याबरोबर आलं ते वर्ग चालवण्याचं तंत्र. अक्षराचं वळण आपलं आपल्याकडे होतंच: बोरू, कित्ता, मोडी आणि बाळबोध. चांगला मास्तर म्हणजे चांगल्या हाताचा मास्तर, ही आपली समजूत तिथली आहे. ‘अक्षर सुधारा’ या शेऱ्याची मुळं मला त्या कित्त्यात दिसतात. कित्ता एका अक्षराचं सौंदर्य शिकवतो. अख्ख्या फळ्याची मांडणी शिकवणं हे त्याचं काम नव्हतं.

मग ते काम कुणाचं? इथे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा संबंध येतो. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये ती शाळा सुरू झाली. १८७९ मध्ये रेखाटन हा शिकवण्याचा विषय म्हणून तिथे आला आणि १८९३ मध्ये चित्रकला शिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेची शिस्त त्यामागे होती: आधी रेघ, मग भूमिती, मग नक्षी, मग वस्तू. शिस्त कडक होती, पण तिनं हात आणि डोळा दोन्ही घडवले हे मान्य करायला हवं. ज्या ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमीजिएट’ परीक्षांना आजही कोल्हापूर जिल्ह्यातली मुलं पॅड आणि रंगपेटी घेऊन बसतात, त्यांत ती शिस्त शाबूत आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमितीच्या जोडीला अक्षरलेखन. संकल्पचित्रात समतोल, लय, विरोध, पुनरावृत्ती सगळं येतं. अक्षरलेखनात अक्षरांमधलं अंतर येतं. दृश्य मांडणीची तत्त्वं आपल्याकडे नव्हतीच, असं म्हणणाऱ्यांनी सातवी-आठवीच्या मुलाचा तो पेपर एकदा बघावा.

तरीही माझ्या मते वाट फुटली ती १८९३ च्या त्या अभ्यासक्रमापाशीच. चित्रकलेचे मास्तर वेगळे झाले, वर्गाचे मास्तर वेगळे. डोळ्याचं शिक्षण एका तासिकेत आणि एका माणसाकडे गेलं. गणिताच्या, भूगोलाच्या, मराठीच्या शिक्षकाला कुणी सांगितलं नाही की रोज सर्वांत मोठं चित्र तूच काढतोस, फळ्यावर. ही फारकत पुढे संस्थांतही पक्की झाली. १९६५ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र कला संचालनालय आलं. कला शिक्षक पदविका, म्हणजे ए.टी.डी., त्याच्याकडे राहिली आणि डी.एड., बी.एड. शिक्षण खात्याच्या आणि विद्यापीठांच्या वाटेनं गेलं. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्स एका बाजूला, अध्यापक महाविद्यालयं दुसऱ्या बाजूला. एकाच शहरात राहूनही त्यांच्या विद्यार्थ्यांची गाठ पडते ती नोकरी लागल्यावर, शिक्षक-खोलीत.

कोल्हापूरची स्वतःची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगायला हवी. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. ज्या घरांत कुणी कधी पाटी पाहिली नव्हती, तिथली मुलं शाळेत येऊ लागली. त्याच सुमारास, त्याच शहरात, महाराजांच्या आश्रयानं बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. बाबूराव, मूळचे मेस्त्री, आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे त्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पडदा रंगवणं म्हणजे दुरून दिसणाऱ्या चित्राचं शास्त्र. पिटात बसलेल्या शेवटच्या प्रेक्षकाला महाल खोल दिसला पाहिजे, नायिकेच्या मागचा भाग उगाच पुढे येता कामा नये. ते शास्त्र बाबूरावांनी सिनेमाच्या जाहिरातीत नेलं. त्यांनी रंगवलेलं ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं.

या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवतो. कायदा ज्यांच्यासाठी केला, त्याच निरक्षर माणसांसाठी पोस्टरही रंगत होतं. रस्त्यानं जाणाऱ्या, वाचता न येणाऱ्या माणसाला क्षणभरात कथा कळली पाहिजे, ही पोस्टरची अट. पहिल्यांदा शाळेत आलेल्या मुलाला फळ्यावरचं समजलं पाहिजे, ही शाळेची अट. अडचण एकच होती. बाबूरावांच्या कार्यशाळेत ती सोडवण्याची रीत हातातून हातात जात होती. दामले आणि फत्तेलाल तिथेच तयार झाले आणि १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या संस्थापकांत दिसले. पेंटरच्या कारखान्यात शिकाऊ मुलगा रंग घोटता घोटता शिकायचा: लहान चित्रावर चौकटी पाडायच्या, मोठ्या पृष्ठभागावर त्याच चौकटी मोठ्या पाडायच्या आणि एकेक घर उतरवायचं. खडू लावलेला दोरा ताणून ओळी मारायच्या. अक्षरं आधी खडूनं बसवून बघायची. मग ब्रश ठेवून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडून बघायचं. ही शेवटची पायरी, पलीकडून बघणं, मला सगळ्यांत मोलाची वाटते. शिक्षण-प्रशिक्षणाच्या कुठल्याही टाचणात ती आढळत नाही.

टाचणात आलं ते परदेशातून, आणि तुकड्यांनी आलं. सूक्ष्म अध्यापन १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डला ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलं. भारतात सत्तरच्या दशकात बी. के. पासी यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते रुजवलं. अध्यापनाची लहान लहान कौशल्यं पाडायची आणि एकेकाचा सराव करायचा. त्यात ‘फलकलेखन कौशल्य’ हे एक, आणि त्याचे घटक सुवाच्यता, नीटनेटकेपणा, समर्पकता. निरीक्षण-पत्रकातले शब्द थेट इथून येतात. पद्धत उपयोगी होती यात शंका नाही. फळ्याला स्वतंत्र सराव मिळाला हीच मोठी गोष्ट. पण तिसरा घटक, समर्पकता, मोजायला अवघड, म्हणून तो हळूहळू गळला आणि पहिले दोन उरले.

दुसरा तुकडा एडगर डेल यांचा अनुभव-शंकू. १९४६ च्या पुस्तकात त्यांनी प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंतच्या पायऱ्या एका शंकूत मांडल्या. आपल्या प्रशिक्षणार्थींच्या वह्यांत तो हमखास असतो, आणि त्याच्या कडेला टक्केवारीही असते: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०. डेल यांच्या शंकूत एकही आकडा नव्हता. ते नंतर कुणीतरी चिकटवले, आणि आकृती इतकी गोळीबंद दिसते की सगळे आकडे दहाच्या पटीत कसे, असं विचारावंसं कुणाला वाटत नाही. दृश्य साक्षरता म्हणजे चित्र काढता येणं इतकंच मानलं की असं होतं. दिसणाऱ्या गोष्टीला प्रश्न विचारणं हा तिचा अर्धा भाग आहे, आणि तो शिकवायला हाच शंकू सर्वांत चांगला धडा ठरेल.

तिसरा तुकडा तर अभ्यासक्रमातच बसलेला आहे. मानसशास्त्राच्या पेपरात समष्टिवाद येतो. वर्थायमर यांनी १९२३ मध्ये मांडलेले नियम, जवळच्या गोष्टी एक गट वाटतात, सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकत्र दिसतात, हे आपले विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत व्यवस्थित लिहितात. दुसऱ्या दिवशी तेच विद्यार्थी तक्त्यावर चित्र एका कोपऱ्यात काढतात आणि त्याचं नाव दुसऱ्या कोपऱ्यातल्या सूचीत. पेपर एक आणि सराव पाठ यांच्यामध्ये भिंत आहे, आणि ती विद्यार्थ्यांनी बांधलेली नाही.

एक तक्ता जवळून बघू. विषय पंचगंगा, इयत्ता चौथी. कार्डशीटला चारी बाजूंनी वेलबुट्टीची किनार. वर ढगाच्या आकारात, सावली दिलेल्या अक्षरांत शीर्षक. जिल्ह्याची सीमा काळ्या मार्करनं जाड. रस्ता लाल. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पंचगंगा सगळ्या एकाच निळ्या स्केचपेननं, एकाच जाडीनं. नद्यांची नावं नदीच्या वळणाबरोबर वाकडी, त्यातली दोन जवळजवळ उभी. करणाऱ्या छात्राध्यापिकेनं रात्र जागवली होती हे दिसत होतं, आणि या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण वर्गात ‘पाणी कुठून कुठे जातं?’ असं विचारल्यावर मुलं सीमेवर बोट फिरवत होती, कारण कागदावर सर्वांत ठळक तीच होती.

तिनं तो पुन्हा केला. किनार गेली. सीमा पेन्सिलीच्या फिकट रेघेत आली, रस्ता गेला. उपनद्या सह्याद्रीकडे बारीक सुरू झाल्या आणि उतरत उतरत रुंद झाल्या. भोगावती तुळशीला, कुंभीला पोटात घेऊन जाड झाली, प्रयाग संगमावर कासारी मिळाल्यावर आणखी जाड, आणि नृसिंहवाडीला कृष्णेला भेटेपर्यंत सर्वांत रुंद. नावं सगळी आडवी, एका आकारात, नदीला लागून. ठिपके दोनच: संगम आणि वाडी. बाण एकही नाही. आता मुलांची बोटं पश्चिमेकडून पूर्वेकडे आपोआप गेली, आणि एकानं विचारलं, ‘मग पूर वाडीलाच जास्त का येतो?’ रेघेच्या जाडीनं तो प्रश्न वर्गात आणला. विरोध, समीपता, दृश्य क्रम असे शब्द त्या दिवशी कुणी उच्चारले नव्हते. नंतर सांगितले तेव्हा ते लगेच समजले, कारण आता त्यांना धरायला काहीतरी होतं.

मांडणीची बहुतेक पुस्तकं रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेली आहेत, आणि त्यांतले नियम आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. देवनागरीत मोठ्या लिपीची अक्षरं नाहीत, म्हणून जोर द्यायचा तो आकारानं, जाडीनं किंवा रंगानं. शिरोरेषेमुळे ओळ आपोआप बांधली जाते. पण ती रेघ उजवीकडे वर चढली तर साऱ्या फळ्याचा तोल जातो. ती चढते, कारण लिहिणारा एका जागी उभा राहून हात लांबवतो. अक्षराबरोबर पाय सरकले पाहिजेत. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो आणि ऱ्हस्व-दीर्घ नेमकं मागच्या बाकावर विरघळतं. फळ्याचा खालचा भाग पुढच्यांच्या डोक्याआड जातो, म्हणून महत्त्वाचं तिथे लिहायचं नाही. या गोष्टी कुठल्याही कोल्हापुरी बोर्ड-पेंटरला सांगाव्या लागत नाहीत.

फळ्याची जागा आता पडदा घेतो आहे. १९८७ पासूनच्या खडू-फळा मोहिमेत प्रत्येक शाळेला निदान फळा मिळावा अशी धडपड होती. आता मराठी स्लाइड प्रशिक्षणार्थी सहज बनवतात. विंडोजवर बरीच वर्षं त्या स्लाइडचं अक्षर ‘मंगल’ होतं. ते र. कृ. जोशी यांनी घडवलं, म्हणजे ज्या माणसानं जे. जे. आणि आय.आय.टी.च्या वर्गांत देवनागरीचा आयुष्यभर विचार केला, त्याचं अक्षर नकळत लाखो शिक्षकांच्या हाती आलं. पण मंगल पडद्यावर लहान आकारात वाचता यावं म्हणून केलेलं अक्षर आहे. ते ताणून, सावली देऊन, इंद्रधनुष्यी रंगवून शीर्षक केलं की ढगाच्या आकारातला तो जुना तक्ताच पुन्हा समोर येतो.

२०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात ‘शिक्षणात नाट्य व कला’ हा घटक आला. जवळपास सव्वाशे वर्षांनी कला पुन्हा सर्व शिक्षकांच्या अभ्यासात शिरली. गरजही तेव्हाच वाढली आहे, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला शिक्षक सहावी ते आठवीत शंभरावर पट असेल तिथेच, तोही अर्धवेळ. लहान गावच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर आता नसणार, असं धरूनच चालावं लागेल. तिथे जो वर्गशिक्षक असेल त्याचाच डोळा मुलांना मिळणार. प्रत्यक्षात या घटकाचे तास बहुधा वारली चित्रं आणि रांगोळीत जातात. मला ते पुरेसं वाटत नाही. शासकीय अध्यापक महाविद्यालयांत आयुष्य घालवलेल्या लीलाताई पाटील यांनी निवृत्तीनंतर १९८५ मध्ये कोल्हापुरातच सृजन आनंद विद्यालय काढलं, आणि शिक्षक घडवण्याचा प्रश्न त्या मुलांच्या वर्गात उभ्या राहून सोडवत राहिल्या. या तासांना तोच मार्ग हवा आहे.

सुरुवात करायला साहित्य लागत नाही. चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं राजारामपुरीतलं घर आज कलासंग्रहालय आहे, आणि तिथे त्यांची पावडर शेडिंगची चित्रं आहेत: पूड आणि बोटं, आणि तेवढ्यात उजेडाच्या किती पायऱ्या! सराव पाठ सुरू होण्याआधी प्रशिक्षणार्थींची तुकडी तिथे न्यावी. परत आल्यावर प्रत्येकाला एक गुंडाळफळा आणि एक पांढरा खडू द्यावा. ठळक, मध्यम आणि फिकट, एवढ्या तीनच छटांत आपल्या पाठाचा फळा मांडायचा. रेघा, रंग, किनार काही नाही. मग सगळे फळे भिंतीला टांगायचे, सगळ्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचं, आणि प्रत्येक फळ्यावर आधी काय दिसलं ते ज्यानं तो लिहिला नाही त्यानं सांगायचं.